वन्संची आवळासुपारी

आमच्या वन्संइतकी रागीट बाई अख्ख्या पाथर्डी तालुक्यात दुसरी नाही, आणि असलीच तर वन्संची कीर्ती ऐकून तिने केव्हाच गरीब स्वभाव पत्करला असेल. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासरी जेमतेम चार महिने राहून, ‘तिथली मानसं मापात बसत न्हाईत’ एवढंच कारण सांगून त्या माहेरी परत आल्या आणि तिसगावच्या पुढे आमचं हायस्कूल आहे तिथे शिवण शिकवायला लागल्या. पुढे मीही त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले. एकच घर, एकच शाळा, त्यामुळे त्यांच्या रागापासून मला मधली सुट्टी म्हणून नव्हतीच. त्या गॅसच्या सिलिंडरला रागवत, दुधाला रागवत, पावसाचा अंदाज सांगणाऱ्या टीव्हीवरच्या पोरीला तर नाव घेऊन रागवत. एकदा एसटी शाळेच्या फाट्यावर थांबली नाही, तर दुसऱ्या दिवशी गळ्यातली टेप न काढता त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि कंडक्टरला इतकं बोलल्या, की शेवटी त्याच्या वतीने प्रवाशांनीच माफी मागितली.

अशा बाईकडे मुलांची मनं सोपवायची, ही कल्पना आमच्या मुख्याध्यापकांचीच. प्रत्येक शाळेने एक शिक्षक समुपदेशक म्हणून नेमावा असं वरून पत्र आलं होतं. विज्ञानाच्या सरांकडे परीक्षा, गणिताच्या सरांकडे कुठलंसं सर्वेक्षण, रिकामा तास फक्त शिवणाचा. स्टाफरूम आठ दिवस हसत होती आणि मीही हसले, ते आज आठवलं की माझाच मला राग येतो. पाचशे मुलांच्या काळजीसाठी आपल्याकडे काय होतं, तर एका बाईचा रिकामा तास! नगरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. वन्सं परतल्या त्या फणफणतच. “दोन दिवसांत म्हशीची धार काढाया येत न्हाई मानसाला, आन् हे पोरांचं मन शिकिवत्यात! वर पेढा बी दिला.”

पण त्या प्रशिक्षणातलं एक वाक्य त्यांनी घट्ट धरून ठेवलं. मुलांना उपदेश करायचा नाही, त्यांचं ऐकायचं. आता वन्संना बोलू नका म्हणणं म्हणजे पिठाच्या गिरणीला दळू नको म्हणण्यासारखं. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. मूल समोर येऊन बसलं, की त्या डबीतून आवळासुपारीचा एक मोठा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकत आणि एक मुलाच्या हातावर ठेवत. तुकडा विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. फारच उपदेश आला तर सुपारी चावायची. तिथे गिळलेला सगळा उपदेश मग घरी आमच्यावर निघे. चार मुलं येऊन गेली असली, की त्या संध्याकाळी माझ्या फोडणीपासून नवऱ्याच्या चपला काढण्यापर्यंत काहीही सुटत नसे.

जिन्याखालची खोली मिळाली. ग्रंथालयाच्या आणि तिच्या मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. ट्रॅक्टरवर नावं टाकणाऱ्या पेंटरला पाटी रंगवायला सांगितली, तर त्याने ‘सम उपदेशन कक्ष’ असं तोडून लिहिलं. झालं, सगळ्या शिक्षकांना मधलं तेवढंच दिसलं. गृहपाठ नाही, पाठवा उपदेशाला. केस वाढलेत, पाठवा उपदेशाला. वन्संनी चौथ्या दिवशी कापडाची कात्री घेतली आणि ‘उपदेशन’ खरवडून काढलं. उरलं ‘सम कक्ष’. गणिताच्या सरांनी विचारलं, “बाई, मग विषम कक्ष कुठं?” वन्सं म्हणाल्या, “मुख्याध्यापकांच्या खोलीत. तिथं एकाला खुर्ची, बाकीचे हुभे.” स्वतःच्या खोलीत त्यांनी खुर्ची ठेवलीच नाही. सतरंजीवर बसायचं, मुलानेही आणि त्यांनीही. तपासणीला आलेले साहेबसुद्धा पँट सावरत खाली बसले होते.

दर महिन्याला अहवाल भरावा लागे. किती मुलांचे समुपदेशन केले, किती समस्यांचे निराकरण झाले, सोबत फोटो. एकदा मुख्याध्यापक मोबाईल घेऊन दारात आले आणि म्हणाले, “बाई, पोरीला जरा रडू द्या, फोटो चांगला येतो.” वन्संनी तोंडातली सुपारी हातात काढली. “सर, तुमाला मूळव्याध झाली तवा फोटो काढून ग्रुपवर टाकला हुता का?” त्यानंतर महिनाभर सर जिन्याने उतरताना दुसरीकडे बघत.

ती रडणारी मुलगी नववीतली. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला कोपरगावकडे गेलेले, धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर आणि ही चुलत्याकडे. ‘माझी आई’ या निबंधाला तिने मला कोरा कागद दिला होता. मी तो वर्गात सगळ्यांना उंच धरून दाखवला. हो, मीच. त्यानंतर तिने वर्गात बोलणंच बंद केलं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. ‘नाटकं’ म्हणाली स्टाफरूम. वन्संकडे ती तीन आठवडे येत होती, सुपारी चघळून गप्प निघून जात होती. वन्संही गप्प. घरी आमची मात्र धडगत नव्हती.

एका दुपारी मी ग्रंथालयात वह्या तपासत होते आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. “बाई, मला आईचा राग येतो. भावाला नेती, मला ठिवती. निबंधात काय लिहू? लई राग येतो.” सुपारी चावल्याचा आवाज आला. मग वन्सं म्हणाल्या, “मग येऊ दे की. मला तर रोज येतो.” आणि ती मुलगी चक्क हसली. आयुष्यभर ज्या रागासाठी आम्ही वन्संना नावं ठेवली, तो त्या दिवशी एका पोरीच्या उपयोगी पडला.

मी काय केलं? चहाच्या वेळी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं. वाईट हेतू नव्हता, कळवळाच होता, पण कळवळ्याला कुलूप नसलं की त्याची चहाडी होते. संध्याकाळपर्यंत ते चुलतीकडे पोहोचलं, तिच्या फोनवरून उसाच्या फडात आईपर्यंत. ‘आईचा राग करती म्हनं, एवढी मोठी झाली!’ दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेतच आली नाही.

ते माझ्या तोंडून फुटलं हे वन्संना शाळेतच कळलं होतं. त्या आता घर डोक्यावर घेतील म्हणून संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभीच राहिले होते. त्या आल्या. डबी उघडून एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. “तोंडात धर,” एवढंच. त्या सुपारीइतकं आंबट मी जन्मात काही खाल्लं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी कशीबशी सुटले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या चुलत्याकडे गेलो. चुलतीने खुर्ची पुढे केली. मी खाली, मुलीसमोर बसले आणि म्हणाले, “चूक माझी आहे. तू मला काही सांगितलं नव्हतंस, मी चोरून ऐकलं आणि सांगत सुटले.” तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दहा दिवसांनी ती शाळेत आली, पण बोलायची ती फक्त जिन्याखालच्या खोलीत. माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची आणि मी तिला कधी टोकलं नाही.

यंदा मे अखेरीस, शाळेला सुट्टी असतानाच, वन्सं निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी त्यांच्या शिवणकामाचं कौतुक केलं. आठवडा झाला नाही तोच खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती येऊन पडली. मी भांडले. मला भांडता येतं हे मलाच माहीत नव्हतं. अर्धी खोली परत मिळाली आणि शिक्षा म्हणून समुपदेशकाचा कारभारही. वन्सं आता घरी शेजारणींच्या पोरींना ब्लाउज शिकवतात, पोरी कमी आणि राग जास्त. खोली माझ्याकडे आली तेव्हा त्यांनी मला काही समजावलं नाही, नुसती डबी दिली.

परवा दुपारी पोत्यांच्या आडोशाला सतरंजीवर बसले होते. दारात ती मुलगी, आता दहावीतली. आत बघून म्हणाली, “बाई न्हाईत?”

“निवृत्त झाल्या.”

ती जायला वळली, थांबली. माझ्याकडे नीट बघत म्हणाली, “तुमच्या तोंडात हाय का सुपारी?”

मी डबीतून एक तुकडा काढला, तिला दाखवला आणि तोंडात टाकला. मग ती आत आली आणि समोर बसली.