कोरडा पेपर

आज गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलचा वास आला आणि मला आईचा अनवाणी पाय आठवला.

मी लहान असताना बाबांनी जुनी गाडी पोलोग्राउंडच्या एका गॅरेजमधून नव्यासारखी करून आणली होती. ब्रेकचं सगळं काम नवीन, पण मेकॅनिकवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. गळती तपासायला त्यांनी चारही चाकांखाली पेपर अंथरले, आईला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. प्रत्येक जोड चाचपून ते बोट हुंगत होते.

"अहो, ब्रेक हळूहळू खाली जातोय," आई म्हणाली.

"तू जोर वाढवतेस. पेपर तर एकदम सूखा आहे!"

बाहेर येऊन त्यांनी तिच्या पायाकडे संशयाने पाहिलं आणि चप्पल काढायला लावली. ब्रेक पुन्हा खाली गेला. आई उतरली आणि मागच्या सीटवरून तिने मला ओढून काढलं. मला ती भित्री वाटली.

बाबा एकटेच निघाले आणि आमच्याच घराच्या फाटकावर जाऊन आदळले. उतरल्यावर त्यांनी आधी पेपर उचलून उजेडात धरला. गळती ब्रेकच्या सिलिंडरच्या आतल्या आत होती. बाहेर थेंबही येणार नव्हता.

तीच गाडी आम्ही आता पुन्हा दुरुस्त करून घेतली आहे. ब्रेकवर माझा पाय आहे आणि तो हळूहळू खाली जातो आहे.

"जोर जास्त लावतेयस यार, पेपर तर सूखा आहे," गाडीखालून नवरा म्हणाला.

मी चावी काढली आणि उतरले.