चौरंगावरची रिकामी जागा

मलकापूरच्या कात्रीमामीवर अन्याय झाला तो गेल्या वैशाखात, तिच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाच्या सकाळी, हळद लागायच्या थोडं आधी, सांगलीत विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात. करणारे कुणी गुंड नव्हते. अंगावर शालू, गळ्यात गंठण, हातात चहाचा कप, अशी तुमच्या-माझ्या घरातली माणसं होती. हे आधीच सांगून टाकते. मामीबद्दल लिहायला बसलं की हसू येतं, आणि हसण्याच्या भरात मुद्दा राहून जातो.

कात्रीमामी हे नाव आमच्या गल्लीनं ठेवलेलं. तिच्याकडे दोन कात्र्या, एक हातात आणि एक तोंडात. हातातली लहान, वाकड्या टोकाची. तोंडातलीला माप नव्हतं. तिचं काम रुखवताचं. लग्नात नवरीच्या बाजूनं टेबलावर मांडतात ते चौरंग, पाट, ताटं, सजवलेले नारळ, सुपाऱ्या. सगळं कागदानं नटवलेलं. रंगवलेल्या लाकडावर कातरलेली फुलं, मोर, वेली चिकटवायच्या, वाटीच्या बुडानं दाबून आतला हवेचा फुगा काढायचा, वर वॉर्निशचा हात द्यायचा, घासायचं, पुन्हा हात द्यायचा; वरून बोट फिरवलं तर कागदाची कड लागता कामा नये. मी एकदा कराडहून तिला स्क्रॅपबुकचे छापील कागद आणून दिले आणि सांगितलं, "मामी, तू करतेस त्याला शहरात डिकूपाज म्हणतात. क्लास असतात त्याचे."

"चिकटवाचिकटव शिकाय क्लास?" मामी म्हणाली. "मग नाक शिंकराय कुठं जात्यात?"

कागद मात्र तिनं ठेवून घेतले. माणसांना नावं ठेवायची आणि त्यांचा कागद ठेवून घ्यायचा, ही तिची रीतच होती.

तिचा खरा माल म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेवर गणपती असतो म्हणून ती कुणी कचऱ्यात टाकत नाही. कपाटावर गठ्ठे साठतात, आणि आमची गल्ली ते गठ्ठे मामीच्या दारात आणून ठेवायची. ती पत्रिका भिजवायची, मागचा जाड पुठ्ठा सोलायची, वरचा छापील पापुद्रा तेवढा वाळवायची. गणपती, कलश, मोर कातरून घ्यायचे आणि उरलेला भाग आंघोळीच्या बंबात. "मोर चौरंगावर, नावं बंबात," असं ती म्हणायची. आत टाकताना नावं मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येक जोडप्याला एकेका वाक्याचा निरोप द्यायची. "ही माहेरी आली. ह्यो तिकडं दुसरीसंगं हाय. ह्यांचं चाललंय, पर चुली दोन. आन् ह्यो... ह्यो लग्नातबी शेंबडा हुता." मग बंबाचं झाकण लावायची. "लगीन टिकंल न टिकंल, माजा कागुद टिकतोय."

तिचा स्वतःचा नवरा फौजेत होता. सुट्टीवर आला आणि घराजवळच, हायवे ओलांडताना ट्रकखाली गेला. तेव्हा अश्विनी, म्हणजे तिची लेक, अजून शाळेतही जात नव्हती. मामी हे कोरड्या डोळ्यांनी सांगायची. "शिमेवर गेला आस्ता तर चौकात फ्लेक्स लागला आस्ता, मी वीरपत्नी. हायवेवर गेला म्हणून मी पांढऱ्या पायाची. येकच माणूस, येकच कुंकू. नुसता रस्ता चुकला त्येचा."

मी विधवांवर लादलेल्या प्रथांविरुद्ध काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, गावोगाव बोलते. मामीला याचं लय कौतुक, तिच्या पद्धतीनं. "ए पुढारीन, तुजी पत्रकं पातळ कागदावर छापू नगंस," ती म्हणायची. "गम लावला की फाटत्यात. खालच्या थराला बी चालंनात." मी एकदा जाड कागदावर छापून आणली. तिनं ती नारळांना लावली, वरून सोनेरी कागद चढवला आणि म्हणाली, "बघ, तुजी क्रांती रुखवतात गेली. वर दिसंना, त्येला मी काय करू?"

आता त्या रिकाम्या जागेची गोष्ट. विधवेनं पुरी केलेली वस्तू रुखवतात चालत नाही. पण मामीसारखा हात दुसऱ्या कुणाला नाही. मग आपल्या लोकांनी तोड काढली. ऑर्डर द्यायला आलेली बाई उठता उठता आवाज खाली आणून म्हणायची, "मामी, मधली तेवढी जागा सोडा बरं का. आमच्या वहिनी लावतील." मामी सगळा चौरंग भरायची, मधोमध हातभर वस्तूत बोटभर जागा मोकळी ठेवायची, आणि त्या जागेचा मोर कातरून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत द्यायची. घरी कुणीतरी सवाष्ण तो मोर चिकटवायची. झालं, वस्तू सवाष्णीची! वर पाटी लागायची: ‘वधूची कलाकुसर’. मामीला लग्नाचं जेवण डब्यातून यायचं. डबा परत मागायला मात्र माणूस वेळेवर.

"त्येवढाच तुकडा उचकटतोय," मामी सांगायची. "कुणाच्याबी शोकेसात जाऊन बघ. वाळू देत न्हाईत, दाबत न्हाईत, नुसता शुभ हात लावून पळत्यात." आणि मग हसायची. ते हसू ऐकून मी पत्रक लिहायला घ्यायचे. कारण त्या बायकांत तिची सख्खी जाऊ होती, शेजारीण होती, आणि जिच्या बाळंतपणात मामीनं रात्रंदिवस उस्तवार केली अशी एक मैत्रीणही होती. प्रत्येकीनं जागा सोडायला सांगितली होती.

अश्विनीचं लग्न सांगलीत जमलं. सुपारी फोडायच्या दिवशी मामीनं काहीच मागितलं नाही, एका गोष्टीशिवाय. सगळ्यांसमोर म्हणाली, "लेकीचं रुखवत मी माज्या हातानं मांडणार. मान्सांदेखत." नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, "मांडा की, त्यात काय एवढं!" मी तिथंच होते. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

सगळा शिमगा ते चैत्र मामी खपली. शेवटी तिनं चौरंग उजेडात आणला. मी आणलेले स्क्रॅपबुकचे कागद, अख्ख्या गल्लीच्या लग्नांची फुलं, काठाला पैठणीची वेल. आणि मधोमध दोन मोर, जरा जुन्या छपाईचे, त्यांच्या खाली लाल अक्षरांत ‘परशुराम – सुनंदा’. तिच्या स्वतःच्या पत्रिकेतून कातरलेलं. बंबात न गेलेली तीच दोन नावं. मामीचं नाव सुनंदा आहे, हे इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहून मला त्या दिवशी कळलं.

मी विचारलं, "मामी, रिकामी जागा?"

"कुणाला ठिवायची?" ती म्हणाली. "पोरगी सबंध जल्माला घातली मी. मधी जागा सोडून न्हवं."

लग्नाच्या सकाळी तिनं टेबलावर चादर अंथरली आणि एकेक वस्तू मांडायला घेतली. कधी न नेसलेली मोतिया साडी नेसली होती. जाणारे-येणारे थांबत होते, फोटो काढत होते, आणि मामी चक्क कुणाला टोमणा मारत नव्हती. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या चहाचा कप घेऊन आली. चौरंगावर बोट फिरवलं.

"किती गुळगुळीत हो! कुणी केलं?"

"म्या."

बोट मागं गेलं. आत्याबाईंनी चौरंग वाकून न्याहाळला. "मग सवाष्णीनं कुठं लावायचं? जागा दिसत नाही."

"न्हाईच."

"आवं विहीणबाई, मांडू नका म्हटलं का आम्ही? मांडा की. पण पोरांच्या भल्याचं बघायला नको? आणि हे काय, गेलेल्या माणसाचं नाव? आमचा मुलगा बसणार ह्याच्यावर!" आणि त्यांनी मोराच्या कडेला नख घातलं.

निघालं नाही. मामीचं काम होतं ते. नखाचा लाल रंग उडाला, मोर हलला नाही. मी मध्ये पडले. म्हणाले, "हात लावायचा नाही. बैठकीत शब्द दिलाय तुम्ही." नवऱ्या मुलाचे वडील दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना एकदम मांडवातल्या पंख्यांची काळजी लागली.

"गप, पुढारीन," मामी मला म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. ती बघत होती अश्विनीकडे. पोरीला कुणीतरी बोलावून आणलं होतं. पिवळी साडी, हातात हिरवा चुडा. आत्याबाई म्हणाल्या, "तूच सांग बाई आईला."

अश्विनीनं चौरंगाकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, एका तुकड्यासाठी तमाशा नको ना गं आजच्या दिवशी."

आणि केसातला आकडा काढून तिनं स्वतःच मोर खरवडायला घेतला.

शिव्यांची अख्खी वखार जिच्या जिभेवर, ती बाई त्या वेळी काय म्हणाली ते लिहिते, एक अक्षर न बदलता: "कोरडं वडू नगंस. वरचं वार्निश खरवड आदी, मग भिजव. न्हाईतर खालचा रंगबी जातोय." आणि भांड्यातलं पाणी तिनंच पुढं सरकवलं. आपल्या आई-बापाची नावं नीट कशी काढायची, हे लेकीला आईनं उभं राहून शिकवलं.

मोकळ्या जागेवर आत्याबाईंनी सोनेरी चमकीचं ‘शुभविवाह’ स्टिकर लावलं. तिरकं. टेबलावर पाटी आली, ‘वधूची कलाकुसर’. मामीला कुणीतरी कोपराला धरून सामानाच्या खोलीत नेलं. "तुम्ही इथं बसा, दागिन्यांवर लक्ष ठेवायला आपलं माणूस हवं." अक्षता पडल्या तेव्हा मी तिच्याशेजारी तांदळाच्या पोत्यावर बसले होते. भिंतीपलीकडून ‘सावधान’ ऐकू आलं. मामी मुठीतले तांदूळ पुन्हा पोत्यात टाकत म्हणाली, "फुगा ऱ्हायलाय त्या स्टिकरात. सांजच्यापातूर उचकटतंय."

पुढच्या हंगामात ऑर्डरी आल्या. मामीनं सगळ्यांना एकच सांगितलं, जागा सोडणार नाही. बायका म्हणाल्या, बघू, कळवू. मग कोल्हापूरहून तयार रुखवतं यायला लागली. ती कुणाच्या हातची, सवाष्णीच्या की विधवेच्या, हे एकीनंही विचारलं नाही. विकत आणलेल्या वस्तूला विटाळ नसतो. शेजारच्या बाईच्या हाताला असतो! भाड्याच्या दोन खोल्या सोडून मामी शिराळ्याला भावाकडे गेली. तिथं ती वहिनीच्या हाताखाली लसूण सोलते. मागच्या महिन्यात मी पत्रिकांचा मोठा गठ्ठा घेऊन गेले. तिनं गठ्ठ्याची दोरीसुद्धा सोडली नाही. "कोपऱ्यात ठेव. गणपती हाय त्येच्यावर, पाय लागू दिऊ नगंस." वाकड्या टोकाच्या कात्रीनं ती भाचरांची नखं कापत होती.

मी असतानाच अश्विनीचा फोन आला. चौरंग शोकेसमध्ये आहे, स्टिकर निघून पडलं, मध्ये पांढरा डाग दिसतोय, पाहुणे विचारतात, काय लावू? मामी म्हणाली, "माला काय इचारतीस? सवाष्ण हायस न्हवं? लाव तूच." आणि फोन वहिनीकडे देऊन उरलेली नखं कापायला बसली.

आता तुम्ही. वाचून हळहळला असाल तर ती हळहळ तुमच्याजवळच ठेवा. साताऱ्यात असा, सांगलीत असा, उठा आणि शोकेस उघडा. तुमच्या रुखवतातला, आईच्या, सुनेच्या रुखवतातला चौरंग बाहेर काढा. त्यावर हात फिरवा. एक तुकडा उचकटलेला लागेल. तो तुमच्या घरानं लावलाय. बाकीचे सगळे जिनं लावले तिचं घर तुम्हाला माहीत आहे. डबा मागायला माणूस पाठवला होतात तिथं. तिला बोलवा. सणाच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, पुढच्या दारानं. ती शिव्या घालेल. उभं राहून ऐका. मग चौरंग तिच्यापुढं ठेवा आणि तो तुकडा तिच्या हातानं लावून घ्या.