डोणीवरचं हिरवं

आमच्या घरामागे कातळी सड्याच्या कडेला चिऱ्याची डोण आहे. गुरांच्या पाण्यासाठी बापाने कोरून घेतलेली. गुरं मी कधीच विकली, माझ्याने होईना. तरी आमची ही रोज सकाळी विहिरीचं पाणी ओढून डोण भरायची. मी म्हणायचो, "गुरं गेली गो, आता पाणी कोणाला?"

"पिणाऱ्याला," ती म्हणायची. तेवढंच. बोलण्यात तिची काटकसर, पाण्यात नाही.

पाखरं मात्र यायची. बुलबुल, सातभाई, हळद्या. मला पिवळा हळद्या तेवढा कळायचा. बाकी सगळ्या चिमण्याच.

मग गावच्या शाळेत घाटावरून एक बाई आल्या, त्यांच्याकडे कॅमेरा. तेव्हा आमच्या पोरांच्या खिशात बेचकी असायची, दिसलं पाखरू की मार दगड. बाईंनी ओरडून बघितलं, उपयोग शून्य. म्हणून त्यांनी ह्याच पाखरांचे फोटो काढून वर्गात लावायचं ठरवलं. ज्याचं नाव ठाऊक आहे त्याला दगड मारताना हात अडखळतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते खूळ वाटलं. पण रविवारी त्या करवंदीच्या जाळीआड येऊन बसायच्या आणि ही त्यांना चहा न्यायची. दोघी कुजबुजत बसायच्या. मला हाक नाही. माझ्या खोकल्याने पाखरं उडतात म्हणे.

मागच्या पावसाळ्यात ही गेली. ताप काय आला आणि गेलीच. डोणीकडे मी फिरकलो नाही. उन्हाळ्यात तिच्यात सुका पाला साठला. बाई एकदा येऊन बघून गेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचा मला रागच आला. चार शब्द ऐकवायला हवे होते त्यांनी.

पुढे निरोप आला, शाळेत फोटो लावलेत, बघायला या. गेलो. भिंतभर पाखरं, आणि पोरं एकमेकांना ढकलून नावं सांगतायत. एका फोटोत हळद्या डोणीच्या काठावर, चोच पाण्यात. फोटोच्या कडेला हिरव्या कापडाची बारीक पट्टी. ते कापड मला कळणार नाही? तिचं रोजचं पातळ.

मी बाईंना विचारलं, बाकीची कुठे आहे? त्या आधी गोंधळल्या. मग म्हणाल्या की माणूस मध्ये आलं तर फोटो कापतात, पाखरावरच नजर राहावी म्हणून.

"म्हणजे तिला कापलीत तुम्ही," मी भरल्या वर्गात म्हणालो.

बाईंनी कॉम्प्युटर उघडून अख्खा फोटो दाखवला. ही कळशी कमरेवर घेऊन वाकलेली, आणि तो हळद्या तिच्यापासून हातभर अंतरावर खुशाल पाणी पितोय. घरात तिचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, चोर पकडून आणल्यासारखा. हा तसा नव्हता.

"काका, त्या जरा धूसर आल्यात," बाई म्हणाल्या.

"असू दे. चष्मा नसला की मला ती तशीच दिसायची."

घरी लावायला मोठा करून देते, पण शाळेच्या भिंतीवर नुसतं पाखरूच राहू दे, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, घरी बघणारा मी एकटा. ही पाखरं कोणाच्या पाण्यावर जगली ते पोरांना दिसू दे. त्या विचार करत राहिल्या, म्हणून मी सौदाच केला. "तिला अख्खी लावा. डोण मी भरतो."

त्यांनी लावली. दुसऱ्या दिवशी पाला काढून मी डोण घासली, भरली. पाखरू एक येईना. मी उभा राहिलो, बसलो, खोकला दाबून ठेवला. तिच्या पायाशी पिणारी ही जात, मला बघून आंब्यावरनं खाली उतरेना. शाळेत जाऊन विचारलं, पाखरांना रंग कळतो काय? बाई म्हणाल्या, चांगला कळतो.

घरी आलो. ट्रंकेतलं तिचं हिरवं पातळ काढलं, धुतलं आणि डोणीशेजारच्या दांडीवर वाळत घातलं. आधी सातभाई आले, भांडत. हळद्याने बरेच दिवस भाव खाल्ला, मग तोही उतरला. त्याला पातळ कळलं की तहान लागली, ते त्यालाच ठाऊक.

रविवारी बाई आल्या. चहा मी नेला, साखर जास्त पडली. त्यांनी नुकताच काढलेला फोटो कॅमेऱ्यावर दाखवला. हळद्या पाणी पितोय आणि मागे दांडीवर हिरवं. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाल्या, "हे नाही कापत."