भाऊजी हात धुतात

जगात हात धुणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण हाताला लागलेला डिझेलचा वास मुळापासून काढणारा माणूस एकच आहे, आणि त्याच्या घरी माझी थोरली बहीण दिलेली आहे. देवासच्या बायपासला भाऊजींचं वर्कशॉप. ट्रॅक्टर-ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करतात. पार कुक्षी-बदनावरहून लोक गोणपाटात पंप गुंडाळून त्यांच्याकडे येतात. म्हणजे माणूस तीस वर्षं मनगटापर्यंत डिझेलात. पण संध्याकाळी घरी त्यांचा हात हुंगा, काही म्हणजे काही येणार नाही! याचं मूळ त्यांच्या लग्नात आहे म्हणे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हौसेनं लावून दिलेला विडा ताईनं नाकाशी नेला आणि तसाच तबकात परत ठेवला. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

तो विधी एकदा बघावाच. परसातल्या नळापाशी पाटावर पाच डबे. आधी कोरडं बेसन, त्यानं वरवरचं डिझेल टिपून घ्यायचं. पाण्याचं अजून नाव नाही. मग गोडंतेल आणि साखर चोळायची. “क्योंकि डिझेल म्हणजे तेलच ना रे, ते साबणाचं काय ऐकणार? तेल ऐकतं तेलाचंच.” मग भांड्यांचा साबण, तोही थंड पाण्यात, कारण गरम पाण्यानं वास आत मुरतो असं त्यांचं ठाम मत. मग लिंबू-मीठ, नखांच्या कडांना जुना टूथब्रश. शेवटी कॉफीची पूड. या पुडीपायी ताईकडे पाहुण्याला कॉफी विचारायची सोय उरलेली नाही. नळ उघडायचा कोपरानं, बंद करायचा तोही कोपरानं. “उघडताना घाणेरडा हात, बंद करताना चोख हात. मग वास परत घरी आला की नाही?” मी आपला टॉवेल धरून उभा. आमच्या धारच्या घरात गणपतीसुद्धा इतक्या निगुतीनं बसत नाहीत.

नाक तर विचारू नका. एकदा धारलाच एका लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तर यांनी आशीर्वाद द्यायचा सोडून त्याचा हात धरून हुंगला. “गाडीला फुलं तूच लावलीस ना? पेट्रोलची नळी गळतेय. त्या गाडीत बसू नकोस.” मांडव हसला. मी तर शरमेनं खांबाआड गेलो. पण कुणीतरी बॉनेट उघडून पाहिलं, तर नळी खरोखरच ओली! मग मी खांबाआडून बाहेर येऊन हे आमचे भाऊजी म्हणून सांगत सुटलो. मीही त्यांच्या तडाख्यातून सुटलेलो नाही. स्कूटरमध्ये बाटलीनं पेट्रोल ओतताना हातावर सांडलं, म्हणून मी कढत पाण्यानं आणि चंदनाच्या साबणानं हात धुऊन देवापुढे निरांजन लावायला बसलो होतो. भाऊजी दारातूनच ओरडले, “अरे भिया, चंदनाच्या दुकानात टँकर उलटवलास!” आणि लगेच पुढे येऊन काड्यापेटी काढून घेतली. “हात पुरते धुऊन वाळल्याशिवाय ज्योतीपाशी जायचं नाही. वासाची थट्टा चालते, पेट्रोलची नाही.” त्यांचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

अशा माणसाला हरवलं ते त्यांच्या लेकीनं. माझी ही भाची बाळंतपणाला माहेरी आली ती बापाचंच नाक घेऊन. त्या दिवसांत तिला डिझेलचा नुसता भास झाला तरी ओकारी यायची, म्हणून भाऊजी ओसरीवर जेवायचे. मुलगी झाली. जावई बंगळुरात घर शोधत होते, त्यामुळे मायलेकी देवासलाच राहिल्या. पण भाऊजींनी नातीला हात लावला नाही. “कोवळा जीव आहे, पुढच्या महिन्यात घेईन,” म्हणायचे आणि हात पाठीमागे बांधून पाळण्यापाशी उभे राहायचे. रोज संध्याकाळी पाचही डबे झाले की दोन्ही हात लेकीपुढे धरायचे. ती हुंगायची आणि म्हणायची, “थोडा येतोय, बाबा.” की हे निमूटपणे परत नळावर. सहा महिने हेच! मी एकदा भाचीवर चिडलो, “अगं, एक दिवस खोटं बोललीस तर काय बिघडेल?” ती म्हणाली, “मामा, मी खोटं बोलले तर त्यांना कळतं. आणि मग ते कधीच घेणार नाहीत तिला.”

सातव्या महिन्यात उष्टावण ठरलं. बाळाचा पहिला घास. तो मान मामाचा, पण भाचीला भाऊ नाही, म्हणून आजोबांचा. आणि त्यांच्या घराण्याची जुनी रीत अशी की पहिली खीर चमच्यानं नाही, सोन्याची अंगठी घातलेल्या बोटानं चाटवायची. भाऊजींनी आठ दिवस वर्कशॉपला कुलूप लावलं. घरात मयत झालं तेव्हाही त्यांनी इतके दिवस लावलं नव्हतं. आठव्या संध्याकाळी भाचीनं हात हुंगले, पुन्हा हुंगले आणि म्हणाली, “आता नाही येत.” भाऊजींनी मला मिठी मारली, हात मात्र वर धरून.

आणि उष्टावणाच्या दिवशी सकाळीच दारात एक शेतकरी, काखेत गोणपाट. ट्रॅक्टरचा पंप बंद, सोयाबीन कापून शेतात पडलेलं, आभाळ भरून आलेलं. रांगोळी आणि भाऊजींच्या बोटातली अंगठी पाहून तोच नको म्हणाला, “रेवा दो सेठजी, घर में कारज है.” आणि वळला. भाऊजींनी एकदा आभाळाकडे पाहिलं, अंगठी काढून माझ्या हातात दिली आणि त्याच्या मागोमाग गेले. मी ओरडलो, “निदान हातमोजे तरी घाला!” “हातमोज्यातून पंप कळत नाही रे.”

दोन तासांनी आले. पाचही डबे दोनदा झाले, हात लालबुंद. ताई बाळाला मांडीवर घेऊन पाटावर बसलेली. भाऊजींनी लेकीपुढे हात धरले. तिनं फार वेळ हुंगले. मी मनात म्हणत होतो, बोल खोटं, बाई, आज तरी बोल.

“थोडा येतोय, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीसारखा. “भिया, अंगठी तूच घाल. तू भरव.” तेवढ्यात भाचीनं माझ्याकडून अंगठी घेतली, बापाच्या बोटात चढवली आणि त्यांचं मनगट धरून बोट खिरीत बुडवलं. “तेवढा राहू दे.”

नातीनं बोट तोंडात धरलं ते सोडायलाच तयार नाही. खीर केव्हाच संपली होती. भाऊजी वाकून तसेच उभे, पाठीला रग लागली तरी हलले नाहीत. “दात येतायत वाटतं,” म्हणाले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

दिवाळीनंतर मायलेकी बंगळूरला गेल्या. परवा मी देवासला गेलो, तर फोनवर नातीला बघायची वेळ झालेली आणि भाऊजी नळापाशी लिंबू-मिठावर आलेले. मला राहवलं नाही. म्हटलं, “भाऊजी, फोनमधून वास जात नाही हो.”

ते एकेक बोट टॉवेलनं टिपत म्हणाले, “माहीत आहे रे. पण ती तिकडून हात पुढे करते ना.”