घर रिकामं आहे, असं मी लिहिलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सात वर्षं टाळत आलो. आता मधुरा नागपूरला दुसरं ऑफिस उघडते आहे आणि दारावरच्या फलकावर माझा फोटो लावायचा म्हणते — म्हणून आज लिहितो आहे.

मधुरा माझी मुलगी. तिनं घरं विकायची, भाड्यानं द्यायची वेबसाइट काढली तेव्हा मी तहसिलीतून नुकताच निवृत्त झालो होतो. म्हणाली, "बाबा, लोकं नुसत्या फोटोवर भरोसा नाही करत. तुम्ही पाहून या नं." मग मी स्कूटरवर शहरातले मोहल्ले हिंडू लागलो — अधारताल, सिविल लाइंस, घमापूर. माझी एक रीत होती. आधी शेजारच्या दारात पाणी मागायचं. मालक लपवतो ते शेजारीण पाण्यासोबत सांगून टाकते. मी पाहिलेल्या घराखाली वेबसाइटवर हिरवी खूण यायची. त्या खुणेवरच कंपनी वाढली, असं मधुरा चारचौघांत सांगते. तेव्हा मी कुठे बघत असतो? जमिनीकडे.

घमापूरचं एक दुमजली घर विकायचं होतं. मालकाला घाई. मधुराच्या हाती आलेलं ते पहिलं मोठं घर, आणि तिच्या कंपनीत पैसे घालू पाहणारे इंदूरचे लोक त्याच आठवड्यात येणार होते. वरच्या मजल्याला कुलूप होतं. शेजारणीनं पाणी दिलं. म्हणाली, "वेणूबाई पोरीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या. होळीनंतर येतील. आप तो जानते हो नं त्यांना?"

जाणत होतो का? वेणूवहिनी — माझ्या ऑफिसातल्या सोबत्याची बायको. तो वारल्यावरही त्या तिथेच, वरच्या मजल्यावर, भाड्यानं राहिल्या, बावीस वर्षं. मुलींना शिवण शिकवायच्या. दारावर अजून त्याच्या नावाची पाटी होती. मी फोटो असा काढला की पाटी आली नाही. आणि लिहिलं — रिकामं.

घेणाऱ्यानं त्या खुणेवर विसंबून घर घेतलं. कुलूप तोडलं.

वहिनी परतल्या तेव्हा शिलाई मशीन, भांडी, अंथरुणं अंगणात ताडपत्रीखाली पडली होती. त्या तशाच माझ्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही पाहायला असते तर असं झालंच नसतं. काहून ठेवता असे गाढव पोट्टे कामावर?"

मी म्हणालो, "पोट्ट्यांची चूक झाली, वहिनी."

त्यांना दावा लावायचा होता. तहसिलीतला माणूस म्हणून सल्ला मलाच विचारला. मी काय सांगितलं असेल? कोर्टात जाऊन काही हाती लागत नाही, म्हणालो. दावा लागला असता तर माझं लिहिलेलं बाहेर आलं असतं — इतकंच. आणि मधुराला सांगितलं, मालकानं मला फसवलं.

वहिनी मुलीकडे नागपूरला गेल्या; सामान पोचवायची धावपळ मीच केली. तिथे हॉलमधला एक दिवाण, एवढंच त्यांचं उरलं. गेल्या दिवाळीनंतर मी मुद्दाम गेलो. वाक्य तयार होतं. "वहिनी, त्या घराचं —"

"जाऊ द्या नं, भाऊजी. तुम्ही तरी किती धावपळ केली माझ्यासाठी. चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

मी चहा घेतला. इकडचं तिकडचं बोललो. निघालो. संक्रांतीच्या आधीच त्या वारल्या.

वाक्य असं होतं — ते घर पाहायला मीच गेलो होतो, वहिनी.