बाबल्या आणि मशिनीतला खार

बाबल्याचं आणि बकुळाचं ते भांडण मी ऐकलं दगडी गडग्याच्या अलीकडून, आंबोशी वाळत घालताना. मुद्दाम ऐकायला गेले नव्हते. पण आमच्या मिऱ्या गावात दोन घरांत एकच गडगा असला की नवराबायकोचं भांडण त्यांच्या दोघांपुरतं राहत नाही. त्यांचं लग्न तेव्हा नवंच होतं.

"मशिनीचं ते बटण पिळून पिळून आवाज किती बारीक, टोकदार करशील?" बकुळा म्हणत होती. "डोक्यात सुई घातल्यासारखं होतंय."

"तुला काय कळतं गो त्यातलं? तू बांगडे वीक."

"विकतेच. म्हणून तर चूल पेटते."

"मग माझ्या मशिनीत तोंड घालू नको."

"नाय घालणार! यापुढं तुझ्या मशिनीबद्दल एक शब्द काढला तर मला बकुळा म्हणू नको."

"बरं झालं," बाबल्या म्हणाला आणि रेडिओ मोठा केला.

बाई बोलली ते तिनं पाळलं. नवऱ्याशी बाकी सगळ्यावरून भांडली, मशिनीवरून कधी नाही. गेल्या वर्षी बाबल्या गेला. तो कसा होता असं कुणी विचारलं की मला आधी हे भांडण आठवतं, म्हणून इथूनच सांगते.

घराणं दर्यावरचं, पण याला होडीत पाय ठेवला की ओकारी. भाऊ जाळी घेऊन जायचे आणि हा किनाऱ्यावर त्यांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसायचा. पुढं भजनाचे, नमनाचे, लग्नाचे लाऊडस्पीकर आणि त्यांचा आवाज वाढवणाऱ्या मशिनी, सगळं त्याच्याच पडवीत यायला लागलं. शाळा माझ्याएवढीच, म्हणजे मास्तरांनी घरी पाठवलं तिथपर्यंत. काम मात्र कानावर. मीटर होतं त्याच्याकडे, पण शेवटी बटण कुठं ठेवायचं ते कान सांगायचा.

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात काही टिकत नाही. खिडकीचे गज जातात, मिक्सरचं बटण जातं. त्यामुळे काहीही बिघडलं तरी माणूस एकच बोलतो, खार लागला. बाबल्याचंही तेच झालं. पासष्टीच्या पुढं त्याला वाटायला लागलं की मशिनींतला बारीक आवाज, ज्याला मशीनवाले ट्रेबल म्हणतात, तो मरत चाललाय. "काकी, खारानं ट्रेबल खाल्ली," असं मला सांगायचा. मग मशीन उघडायचा, बटणं पुसायचा, आणि तरीही आवाज मनासारखा येईना म्हणून आतली वायरिंग बदलून ट्रेबल वाढवून ठेवायचा.

वरच्या वाडीच्या देवळात त्याच्या मशिनीतून झांजा वाजल्या की दात शिरशिरायचे. भजनाचे बुवा हरिहर कानांत कापूस घालून अभंग म्हणायला लागले. मी म्हटलं, "बुवा, बाबल्याला सांगा की."

"तुम्हीच सांगा. तुमचा शेजार आहे."

शेजार होता म्हणूनच मी सांगत नव्हते. ऐन आरतीला मशीन बंद पडली तर जेवणावरून उठून येणारा माणूस. त्याला कोण दुखवणार?

अशात त्याचा पुतण्या रूपेश एक मशीन घेऊन आला. रूपेशची बेंजो पार्टी, विसर्जनाला टेम्पोवर वाजवतात. मशीन मुंबईहून आणलेली, गिटारची. आत जुन्या मशिनींसारखे काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, नाहीत, सगळं ट्रान्झिस्टरवर.

"काका, बेंजो दिसतो पण ऐकू येत नाय. नुसतं ढब ढब आणि किर्र."

बाबल्यानं मागचं झाकण काढलं. मला म्हणाला, "काकी, ह्यात जाड आवाजाचं एक बटण, बारीक आवाजाचं एक. मधल्या आवाजाला बनवणाऱ्यानंच खड्डा पाडलाय. गिटारला तो शोभतो. आपल्या बेंजोचं गाणं सगळं मधेच असतं, ते त्या खड्ड्यात पडतं."

मला कळलं. खोबरं नसलेलं कालवण.

त्यानं वायर काढली, आतला साठलेला करंट उतरू दिला, मधला आवाज ज्या वाटेनं गळून जात होता तिथं मोठा रेझिस्टन्स कथलाचा डाग देऊन बसवला. इथवर बरोबर होतं. पण वाजवून बघितल्यावर त्याला पुन्हा तेच वाटलं, की बारीक आवाज कमी आहे. मग ट्रेबलचा कंडेन्सरही मोठा घातला.

रूपेशनं बेंजोची तार छेडली आणि माडावरचे कावळे उडाले.

"काका, लय चरचरतंय."

"खार लागलाय बटणाला. साफ करतो."

"परवा खोक्यातून काढलीय. खार कधी लागला?"

बाबल्यानं बटण पुसायला घेतलं. रूपेश म्हणाला, "नाय जमलं तर राहू द्या. बाजारात नवीन दुकान झालंय, तिथं दाखवतो."

मशीन आणि बेंजो पडवीतच ठेवून तो गेल्यावर बाबल्या पायरीवर बसला. "घरची मशीन बाजारात गेली, तर परक्यानं माझ्या पडवीत कशाला यावं, काकी?" एवढंच बोलला. पुन्हा उठून मशीन लावली, बेंजो स्वतःच छेडला आणि मान वर केली. समोर मी आणि नुकतीच मासळी विकून आलेली बकुळा, दोघी पदर कानांवर दाबून.

"काय झालं?"

मी बकुळाकडे बघितलं. बकुळा मासळीच्या टोपलीकडे. मग तिनं कानांवरचा पदर सोडला.

"मशिनीला काय नाय झालं. खार तुझ्या कानात गेलाय."

"काय बोललीस?"

"सकाळी कुकरची शिट्टी झाली, तू विचारलंस भात लावला का. रात्री डास मला चावतात, तुला गुणगुण पण ऐकू येत नाय. सगळी वाडी कापूस घालून भजन ऐकते."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"तूच म्हणालास ना, तोंड घालू नको!"

दोन दिवस बाबल्या त्या मशिनीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी गडग्यापलीकडून हाक ऐकली, "गो, जरा ये इकडं." बकुळा हात पुसत गेली. त्यानं कंडेन्सर काढून लहान घातला.

"आता?"

"टोचतंय."

अजून लहान.

"आता?"

"आता माणूस बोलल्यागत. पण दबल्यागत पण वाटतंय."

"दबल्यागत म्हणजे? नीट सांग."

"तुझ्या आईसारखं, पदराआडून."

"आईला मधे आणू नको," बाबल्या म्हणाला, पण हसला. दोन्हींच्या मधला एक कंडेन्सर शोधून बसवला. बकुळानं मान हलवली तेव्हाच झाकण लावलं. त्या वर्षी विसर्जनाला रूपेशचा बेंजो पार मांडवी जेटीपर्यंत स्वच्छ वाजला. बाजारातल्या दुकानाचं नाव रूपेशनं परत काढलं नाही.

मग बाबल्यानं एकेक करून वाडीतल्या सगळ्या मशिनी परत मागवल्या. "खार लागलाय, साफ करायचाय," असं लोकांना सांगून. लोकांनीही बरं म्हटलं.

बाबल्या गेला त्याच्या आधीच्या श्रावणात मालगुंडच्या भजनी मंडळाची मशीन पोचवायची होती. बाबल्यानं ती स्कूटरवर पुढं दोरीनं बांधली. बकुळा मागं बसली, तिच्या मांडीवर हत्यारांची पिशवी. मंडळानं नंतर सांगितलं, देवळात मशीन लावली, बकुळा पार दीपमाळेपर्यंत जाऊन उभी राहिली. बाबल्यानं बटण थोडं फिरवलं, तिनं बरोबर म्हणून हात वर केला, त्यानं बटण तिथंच सोडलं. चहा घेतला, दोरी गुंडाळली, आणि दोघं निघाली.