गावंडे मास्तरांचे रविवार

तेल्हाऱ्याच्या बाजारात विड्याच्या पानांच्या पाट्या उतरवत होतो. शेजारचा कांदेवाला अकोल्याहून आलेला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या अंजनगावात होते ना जी ते गावंडे मास्तर, ते गेले. दोन दिवसांचा ताप." मी "बरं" म्हटलं. माणूस गेल्याचं ऐकून कोणी बरं म्हणतं का? पण तोंडून तेच निघालं, आणि मी पाट्या उतरवत राहिलो. त्याला आता महिना झाला. तेव्हापासून बूड एका जागी टेकत नाही. पानमळ्यात जातो, अर्ध्यातून परत येतो, हे लिहायला बसतो, उठतो… बायको म्हणते, "मास्तराचं लिहून राहिले, त खरं लिहा." तिला ठाऊक आहे, म्हणून म्हणते.

माझी मुलगी द्वारका बोलत नाही. डोळ्याला डोळा देत नाही. भांडं पडलं की कान दाबून भिंतीवर डोकं आपटते. अशा लेकरांना आमच्याकडे एकच शब्द, वेडं. ती आठ वर्षांची असताना शाळेनं तिला दारातूनच परत पाठवलं, आणि त्याच संध्याकाळी त्या शाळेतले गावंडे मास्तर घरी आले. म्हणाले, शाळेचं राहू द्या, रविवारी माझ्यासोबत रानात पाठवा. आसपासच्या गावांतली अशी तीन लेकरं ते बैलबंडीत घालून सातपुड्याच्या पायथ्याला नेत असत. मला वाटलं, या मास्तराचंच डोकं फिरलं आहे. पण बायको हट्टाला पेटली. मग मी माझ्या अकलेनं एक केलं, वासराच्या गळ्यातली घंटी काढून पोरीच्या कमरेला बांधली. मास्तरांनी बंडीत बसायच्या आधी ती सोडली आणि स्वतःच्या कमरेला बांधली. "भाऊ, ते कुठं चालली हे तिले ठाव असते. मी कुठं हाओ, हे तिले समजलं पाहिजे." माझा पारा चढला, पण बंडी जाऊ दिली.

ते शिकवायचे काय, हे मला कित्येक महिने कळलं नाही. ते कोणाचा हात धरत नसत. झाडाजवळ उभं राहून एकदाच नाव सांगायचे, धावडा, सालई, मोह, आणि मग तासभर चूप. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. द्वारका तसे लाल हात घेऊन घरी यायची आणि झोपेपर्यंत ते बघत बसायची. त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटणं नाही, काही नाही. बायको म्हणायची, मास्तरांनी नुसतं "धावडा कुठं?" विचारलं तर पोरगी चालत जाऊन धावड्यावर हात ठेवते. मी म्हटलं, थापा. हे एकदा मी डोळ्यांनी पाहणार.

पाहायला गेलो, तिथंच घात झाला. मास्तर पुढे, लेकरं आपापल्या चालीनं मागे पसरलेली, द्वारका पार दूर पळसाच्या झाडांत. मला राहवलं नाही. वाघराचा मुलूख, आणि माझी मुलगी एकटी. मी दोन्ही हात तोंडाशी धरून जिवाच्या आकांतानं हाक मारली, "द्वारके!" सगळं रान घुमलं. तिनं कान दाबले आणि उलट्या दिशेला पळत सुटली. मास्तर मला फक्त म्हणाले, "आता तुमी येथंच बसा, भाऊ." दुपार गेली. दिवस कलायच्या सुमारास नाल्याच्या काठी तेंदूच्या झाडाखाली सापडली. पाय काट्यांनी फाटलेले, ओरडून ओरडून घसा बसलेला.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. लोक विचारायला लागले आणि मला लाज वाटली, खरं ते एवढंच. मास्तर भाजी घ्यायला आले होते. मी चारचौघांत ओरडलो, "ह्यानं माह्या पोरीले रानात सोडून देल्लं. वाघाच्या तोंडी देऊन राहिला हा मास्तर लेकरं." हाक मी मारली होती, हे तेव्हा फक्त त्यांना आणि मला माहीत. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पोरगी सापडली ना भाऊ, झालं तं मंग," एवढं बोलून गेले. बाकीच्या आईबापांनी लेकरं काढून घेतली. वर्षाच्या आत मास्तर अकोल्याला गेले. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी कितीदा तरी अकोल्याला गेलो, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो.

गेल्या पंधरवड्यात मात्र गेलो. मास्तरांच्या बायकोनं, वैनींनी, पाणी दिलं. कोनाड्यात सागाची वाळकी पानं तशीच पडलेली. "झाडताना हात लावू देत नव्हते," वैनी म्हणाल्या. आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, "द्वारका जाते ना रानात? हे म्हणत, भाऊ नेत असतील तिले. त्याहिनं पोरीले रानात डोयानं पाह्यलं हाये, आता ते सोडणार नाईत." मी माफी मागायला गेलो होतो. म्हणालो, "जाते ना वैनी. दर रविवारी." त्यांनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, बरं वाटलं.

तिथून बाहेर पडलो तो अजून चालतोच आहे… कोणाला काही सांगवत नाही. बाजारात बोललो ते चारचौघांत होतं, म्हणून हेही चारचौघांत. हे ज्या मासिकात छापायला देतो आहे, त्याचा अंक वैनींच्या घरी जातो, हे मला माहीत आहे.

वैनी, मी खोटं बोललो. द्वारका सहा वर्षं उंबऱ्याच्या आत होती. मागच्या रविवारपासून जाते.